दिव्यांगांचा रोजगार : सवलतीकडून हक्काकडे

काम हे माणसाच्या चरितार्थाचे साधन आहे. तितकेच ते त्याच्या प्रतिष्ठेचेही साधन आहे. कोणाची ओळख करून देताना नावामागोमाग तो काय करतो, हे आपल्याकडे आवर्जून सांगितले जाते. ज्याच्याविषयी असे काही सांगता येत नाही, त्याच्या वाट्याला घरात परावलंबन आणि समाजात उपेक्षा येते. दिव्यांग व्यक्तींच्या कल्याणाचा विचार होतो तेव्हा निर्वाहासाठी अर्थसाहाय्य, साहाय्यक उपकरणे, प्रवासभाड्यातील सूट या गोष्टी सहज आठवतात. त्या आवश्यकच आहेत. परंतु या सर्वांची परिणती ज्यात व्हावयास हवी, त्या रोजगाराचा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील होत्या. देशातील दिव्यांग पुरुषांपैकी सुमारे ४७ टक्के, तर दिव्यांग स्त्रियांपैकी केवळ २३ टक्के काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या. या संख्येत बालके व वृद्ध यांचाही समावेश आहे, हे लक्षात घेतले तरी स्त्री-पुरुषांमधील हे अंतर बोलके आहे. दिव्यांग स्त्रीला दुहेरी अडसर ओलांडावा लागतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका

अपंगत्व आलेल्या माणसाला कामाचे शिक्षण देण्याचा संघटित प्रयत्न आपल्याकडे पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी तंत्रशिक्षण संस्था स्थापन झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकी येथे हलविण्यात आली. स्वातंत्र्योत्तर काळात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनाने याच विचाराला व्यापक अर्थ दिला. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठमुक्त माणसांनी तेथे शेती केली, वस्त्रे विणली, इमारती बांधल्या. भिक्षेच्या जागी श्रम आला, की माणसाचे स्थान कसे पालटते, याचा हा पाठ महाराष्ट्राने साऱ्या देशाला घालून दिला.

शासकीय पातळीवर १९५९ मध्ये अपंग उमेदवारांसाठी देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईत उघडले. १९६८ मध्ये व्यवसाय पुनर्वसन केंद्रांच्या योजनेस मुंबई व हैदराबाद येथून प्रारंभ झाला. उमेदवाराची कार्यक्षमता पारखून त्यास योग्य व्यवसायाचे मार्गदर्शन करणे हे या केंद्रांचे काम होय. १९७७ मध्ये केंद्र शासनाने आपल्या सेवेतील तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या पदांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजनेने निराधार अपंगांना निर्वाहाचा आधार दिला. मात्र या साऱ्या गोष्टी प्रशासकीय आदेशांवर व योजनांवर आधारलेल्या होत्या. त्यांमागे कायद्याचे बळ नव्हते.

ते बळ १९९५ च्या अधिनियमाने दिले. त्यानुसार शासकीय आस्थापनांत तीन टक्के आरक्षण बंधनकारक झाले. भारताने २००७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास अनुसमर्थन दिले. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले आणि आरक्षण चार टक्के झाले. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही निर्माण केला.

आरक्षणाची रचना

चार टक्के आरक्षणाची विभागणी समजून घेणे उमेदवारांच्या हिताचे आहे. अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी एक टक्का; कर्णबधिर व ऐकण्यास कमी येणाऱ्यांसाठी एक टक्का; अस्थिव्यंग, मेंदूचा पक्षाघात, कुष्ठमुक्त, शारीरिक वाढ खुंटलेल्या, आम्लहल्ल्यास बळी पडलेल्या व स्नायू विकृती असलेल्या व्यक्तींसाठी एक टक्का; आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार तसेच बहुविकलांगता यांसाठी एक टक्का, अशी ही रचना आहे. लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व, म्हणजेच कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांगत्व, प्रमाणित असावे लागते.

योग्य उमेदवार मिळाला नाही, म्हणून राखीव जागा त्याच वर्षी इतरांना देता येत नाही. ती पुढील भरतीवर्षात ओढून न्यावी लागते. त्या वर्षीही उमेदवार न मिळाल्यास तिची अन्य दिव्यांग प्रवर्गांत अदलाबदल करता येते. तसेही कोणी उपलब्ध नसल्यासच ती सर्वसाधारण उमेदवारातून भरता येते. हे आरक्षण भरती केलेल्या पदांच्या एकूण संख्येवर मोजावयाचे, दिव्यांगांसाठी निश्चित केलेल्या मोजक्या पदांवर नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. अनुशेष निर्माण होतो तो बहुधा या दोन तरतुदींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

पद कोणासाठी सुयोग्य?

प्रत्येक पद प्रत्येक प्रकारच्या दिव्यांगत्वास अनुरूप असेलच असे नाही. यासाठी कायद्याने पदसुनिश्चितीची पद्धत घालून दिली आहे. तज्ज्ञ समितीने पदांची छाननी करावयाची व किमान तीन वर्षांतून एकदा तिचा फेरविचार करावयाचा, असा नियम आहे. केंद्र शासनाने जानेवारी २०२१ मध्ये अशा ३,५६६ पदांची यादी प्रसिद्ध केली. पदासमोर ते काम बसून करावयाचे की उभे राहून, त्यात चालणे, पाहणे, ऐकणे, लिहिणे, बोलणे यांपैकी कशाची गरज आहे, याची नोंद असते. आणि त्यापुढे कोणत्या प्रकारची दिव्यांग व्यक्ती ते करू शकेल, हे नमूद असते.

ही यादी परिपूर्ण नाही, तीत भर घालण्यास विभागांना मुभा आहे, हे तिच्यातच सांगितलेले आहे. एखादे पद दिव्यांग व्यक्ती आधीपासूनच धारण करीत असेल, तर ते सुयोग्य मानावयाचे, असेही तीत म्हटले आहे. ही सूचना महत्त्वाची आहे; कारण ‘हे काम त्यांना जमणार नाही’ हा निष्कर्ष पुष्कळदा कामाच्या परीक्षणातून निघत नाही, तर सवयीतून निघतो.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. बालपणीच दृष्टी गमावलेल्या या तरुणीने संघ लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत ७७३ वा क्रमांक मिळविला. तिच्या वाट्याला आलेली रेल्वे लेखासेवेतील नेमणूक पूर्ण अंधत्वाच्या कारणावरून प्रत्यक्षात आली नाही. तिने पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळविला, भारतीय प्रशासन सेवेत प्रवेश केला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुअनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी पदाची सूत्रे स्वीकारली. दोन्ही वेळी व्यक्ती तीच होती आणि दृष्टिहीनताही तीच होती. एका पदासाठी जी बाब अपात्रता ठरली, ती दुसऱ्या, अधिक जबाबदारीच्या पदासाठी ठरली नाही. अपात्रता माणसात किती असते आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीत किती, याचा विचार यावरून करता येतो. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ दृष्टिहीनतेच्या कारणावरून कोणासही न्यायिक सेवेच्या भरतीतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यामागचे सूत्र हेच आहे.

वाजवी सोय

२०१६ च्या अधिनियमातील सर्वांत मोलाची कल्पना आरक्षणाची नसून वाजवी सोयीची आहे. इतरांच्या बरोबरीने काम करता यावे, म्हणून व्यक्तीच्या गरजेनुसार केलेला आवश्यक व योग्य बदल म्हणजे वाजवी सोय. मात्र तिचा अवाजवी भार आस्थापनेवर पडू नये, एवढीच मर्यादा आहे. अशी सोय नाकारणे हा कायद्याच्या दृष्टीने भेदभाव ठरतो.

या सोयी पुष्कळदा साध्या असतात. दृष्टिहीन लिपिकास संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली लागते, व अशा काही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. कर्णबधिर कर्मचाऱ्यास तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना आणि महत्त्वाच्या बैठकीत सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीस कामाचे लहान टप्पे पाडून, चित्रांच्या साहाय्याने शिकविले, तर ती ते काम चिकाटीने करू शकते.

सोय करताना मात्र ती नियमाप्रमाणे व्हावी लागते. उतारमार्गाचे, म्हणजे रॅम्पचे, उदाहरण घ्या. त्याचा चढ एकास बारा याहून तीव्र नसावा, असा दंडक आहे. प्रत्येकी १५ सेंटिमीटर उंचीच्या तीन पायऱ्यांच्या जागी उतार करावयाचा, तर एकूण चढ ४५ सेंटिमीटर होतो व उताराची लांबी किमान ५ मीटर ४० सेंटिमीटर भरते. जागा वाचविण्यासाठी तो दोन मीटरांत उरकला, तर चाकाची खुर्ची वापरणाऱ्यास तो स्वबळावर चढता येत नाही आणि उतरताना तोल जाण्याचा धोका असतो. असा उतार कागदोपत्री पूर्ण झालेला असतो, परंतु ज्याच्यासाठी तो बांधला तो माणूस दाराबाहेरच राहतो. हेच दरवाजाच्या रुंदीचे, प्रसाधनगृहाचे आणि उद्वाहकाचे. ज्या कार्यालयात पोहोचता येत नाही, तेथील राखीव जागेचा उपयोग नाही.

उमेदवारांनी घ्यावयाची दक्षता

पहिली पायरी प्रमाणपत्राची. त्यासाठी वैश्विक ओळखपत्राच्या योजनेखाली स्वावलंबन या केंद्रीय संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. नंतर शासकीय रुग्णालयातील सक्षम वैद्यकीय प्राधिकारी तपासणी करून दिव्यांगत्वाचा प्रकार व टक्केवारी निश्चित करतात. प्रमाणपत्र तात्पुरते असल्यास त्याची मुदत संपण्यापूर्वी फेरतपासणी करून घ्यावी. अर्ज छाननीच्या वेळी मुदतबाह्य प्रमाणपत्रामुळे संधी हुकू शकते.

दुसरी पायरी जाहिरात बारकाईने वाचण्याची. राखीव जागांची संख्या, पदासाठी सुयोग्य ठरविलेले दिव्यांगत्वाचे प्रकार, वयोमर्यादेतील शिथिलता व शुल्कमाफी हे तपशील पाहावेत. लेखनिकाची गरज असल्यास ती अर्जातच नोंदवावी. परीक्षेत तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद आहे. ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असले, परंतु लिहिण्यास खरोखर अडचण असली, तर अशा उमेदवारासही लेखनिक व जादा वेळ मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१ च्या निर्णयानंतर केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ही बाब अद्याप अनेकांपर्यंत पोहोचलेली नाही.

तिसरी पायरी दाद मागण्याची. प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असणे बंधनकारक आहे आणि तक्रारीची चौकशी नोंदणीपासून दोन आठवड्यांत व्हावयास हवी. तेथे समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. त्याखेरीज पुणे येथील राज्य आयुक्तांकडेही तक्रार करता येते. तक्रार लेखी असावी, तिला जाहिरातीची व प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी.

सेवेत असताना आलेले दिव्यांगत्व

दिव्यांगत्व केवळ जन्मजात नसते. अपघाताने पाय गमावणारा कारागीर, दृष्टी क्षीण होत गेलेला वाहनचालक यांच्यावर ते सेवाकाळातही ओढवते. अशा शासकीय कर्मचाऱ्यास त्या कारणावरून सेवेतून कमी करता येत नाही किंवा पदावनतही करता येत नाही. मूळ काम शक्य नसल्यास त्याच वेतनश्रेणीतील दुसऱ्या पदावर त्याची बदली करावी लागते. तसे पद नसल्यास योग्य पद मिळेपर्यंत अथवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. या तरतुदीची माहिती नसल्यामुळे राजीनामा लिहून देण्याची घाई कोणी करू नये.

खाजगी क्षेत्र व स्वयंरोजगार

शासकीय नोकऱ्यांची संख्या मर्यादित आहे. म्हणून खाजगी क्षेत्राचे सहकार्य अपरिहार्य ठरते. या क्षेत्रास आरक्षणाची सक्ती नाही. परंतु मनुष्यबळात किमान पाच टक्के लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती असाव्यात, यासाठी मालकांना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. समान संधीचे धोरण जाहीर करणे मात्र प्रत्येक आस्थापनेवर बंधनकारक आहे. वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांसाठी सुयोग्य पदे, निवडीची रीत, द्यावयाच्या सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा उल्लेख असावा लागतो.

स्वतःचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र व राज्य या दोन्ही स्तरांवर वित्त व विकास महामंडळे आहेत. कर्ज मागण्यापूर्वी व्यवसायाचे प्रशिक्षण, मालाची विक्री व परतफेडीची क्षमता यांचा विचार करावा. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेसारख्या संस्थांनी निवास, शिक्षण व उद्योग एकत्र आणून दाखविले आहेत. तरुण वयात चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागलेल्या हुरजूक यांनी स्वतः शासकीय नोकरी करीत हे कार्य उभे केले, हे विशेष होय.

कायद्याने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. उरलेले काम बिंदुनामावली लिहिणाऱ्या लिपिकाचे, इमारतीचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याचे, मुलाखत घेणाऱ्या समितीचे आणि मुलीला शाळेत धाडणाऱ्या पालकांचेही आहे. दिव्यांग उमेदवार समोर आला असता ‘याला काय जमणार नाही’ याऐवजी ‘याला हे काम करता यावे म्हणून काय बदलावे लागेल’ हा प्रश्न जर प्रत्येकाने विचारला, तर राखीव जागा रिक्त राहणार नाहीत आणि कर्तबगार हातांना कामही मिळेल.