खाटेजवळची सोनोग्राफी : मशीन आणणं सोपं, हात तयार करणं अवघड

सोनोग्राफी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर अंधारी खोली, मोठं मशीन आणि बाहेर नंबर लावून बसलेली माणसं येतात. आज आपण पाहणार आहोत ती सोनोग्राफी वेगळी. इथे रुग्ण मशीनकडे जात नाही, मशीन रुग्णाच्या खाटेपाशी येतं. आणि ते चालवायला रेडिऑलॉजिस्ट नसतो, तर तिथलाच डॉक्टर, नर्स किंवा सुईण असते.

आधी थोडं विज्ञान. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोट तपासायचा प्रोब 2 ते 5 मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, म्हणजे ऐकू येण्याच्या कितीतरी पलीकडच्या. त्या आत जाऊन आदळतात आणि परत येतात, त्यातून चित्र तयार होतं. पाणी, रक्त, लघवी हे सगळं काळं दिसतं. हाड पांढरं दिसतं आणि त्याच्यामागे सावली पडते. हवा मात्र लहरींना पुढे जाऊच देत नाही, म्हणून प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये जेल लावायचं. जेल संपलं तर? कॉर्नफ्लॉर पाण्यात शिजवून केलेली खळही काम देते, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. गरज पडली की स्वयंपाकघर मदतीला येतं ते असं!

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. रेडिऑलॉजिस्ट विचारतो, "या पोटात काय काय आहे?" खाटेजवळच्या सोनोग्राफीत प्रश्न अगदी अरुंद असतो. हृदयाभोवती पाणी आहे की नाही? बाळाचे ठोके पडताहेत की नाही? वार गर्भाशयाच्या तोंडावर आहे का? उत्तर हो, नाही किंवा "मला नीट दिसत नाही". हे तिसरं उत्तर लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

या अरुंद प्रश्नांचं चांगलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतून आलं. तिथे एचआयव्हीबाधित रुग्णांत क्षयरोग फार, आणि तो पुष्कळदा फुफ्फुसाबाहेर असतो, त्यामुळे बेडका तपासून सापडत नाही. म्हणून 'फॅश' नावाची तपासणी बसवली गेली. हृदयाभोवती, छातीत आणि पोटात पाणी आहे का, पोटात वाढलेल्या गाठी आहेत का, प्लीहा आणि यकृतात बारीक काळे ठिपके आहेत का, एवढंच बघायचं. संपूर्ण सोनोग्राफी शिकायला वर्षं लागतात, पण एवढ्याच चार-सहा जागा थोड्या दिवसांत शिकता येतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी युक्ती हीच आहे : काय शिकवायचं यापेक्षा काय शिकवायचं नाही ते आधी ठरवणं.

रवांडाच्या ग्रामीण भागात पार्टनर्स इन हेल्थ या संस्थेने आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाने चालवलेल्या रुग्णालयांत स्थानिक डॉक्टरांना नऊ आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यानंतरच्या काही आठवड्यांतल्या 345 तपासण्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला आहे. सर्वात जास्त तपासण्या गरोदर बायकांच्या होत्या. 43 टक्के तपासण्यांनंतर उपचाराचा बेत बदलला. कुणाची शस्त्रक्रिया ठरली, कुणाचं औषध बदललं, आणि काहींची ठरलेली शस्त्रक्रिया चक्क रद्द झाली. हा शेवटचा फायदा आपल्याला चटकन सुचत नाही, पण ज्याचं पोट उगाच फाडलं जाणार होतं त्याला विचारा!

मग शिकवताना अडतं कुठे? पहिल्या दिवशी सगळ्यांनाच वाटतं, जमलं. प्रोबवरची खूण कुठल्या बाजूला ठेवायची, खोली किती ठेवायची, हे एकमेकांच्या पोटावर सराव करून लवकर येतं. अवघड काळ नंतरचा. शिकवणारे पाहुणे विमानाने परत जातात, आणि रात्री दोन वाजता एकटी सिस्टर स्क्रीनकडे बघत उभी राहते. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली ती काळी रेघ रक्ताची की चरबीची? विचारायला कोणी नसलं की दोनच गोष्टी होतात. एक तर ती मशीन कपाटात ठेवून देते, नाहीतर अंदाजाने "नॉर्मल" लिहिते. दुसरी गोष्ट जास्त घातक, बरं का. सोनोग्राफीच नसती तर रुग्णाला पुढे पाठवलं असतं; चुकीच्या "नॉर्मल"मुळे तो थांबतो. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात प्रत्येक चित्र साठवायला लावतात आणि दूरचा तज्ज्ञ ते पुन्हा तपासतो. आणि म्हणूनच "मला नीट दिसत नाही" हे उत्तर शिकवावं लागतं. परीक्षेत गुण जातील या भीतीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते फार जड जातं.

समजा प्रशिक्षण उत्तम झालं. तेवढ्याने माणसं वाचतात का? इथे एक कडू निष्कर्ष पाहावा लागेल. काँगो, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि ग्वाटेमाला या पाच देशांत 'फर्स्ट लुक' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवून गरोदरपणात सोनोग्राफी सुरू केली. 2018 साली निष्कर्ष आले : त्यांनी तपासण्या चांगल्या केल्या, पण माता आणि बाळांचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. बाळ आडवं आहे हे कळलं, पण ज्या रुग्णालयात पाठवायचं तिथे सिझेरियनची सोय, रक्त, भूल देणारा माणूस हे सगळं हवं ना! तिथपर्यंत जायला गाडी हवी, आणि घरच्यांचा होकारही.

आपल्याकडे हे तसंच्या तसं उचलता येणार नाही, हेही समजून घ्या. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध 1988 मध्ये देशात पहिला कायदा केला, त्यानंतर 1994 मध्ये केंद्राचा आला. त्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, आणि गरोदर बाईची सोनोग्राफी कोणी करायची हेही कायद्याने ठरलेलं आहे. झांबियातल्या सुईणीला जे शिकवता येतं ते आपल्या एएनएमला शिकवता येत नाही. ज्या देशात मुली गर्भातच मारल्या गेल्या तिथे हा कायदा सैल करा, असं मी म्हणणार नाही. पण त्याची किंमत कोण मोजतं, तेही दिसायला हवं.

आता वहीत सोडवा. तुमच्या तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणा. अपघातात पोटाला मार लागलेला मुलगा आला आहे. खाटेजवळच्या सोनोग्राफीने डॉक्टरांनी कोणता एकच प्रश्न विचारावा? उत्तर "हो" आलं तर पुढच्या तासाभरात काय काय हाताशी लागेल? आणि उत्तर "नीट दिसत नाही" असं आलं तर? तिसऱ्या प्रश्नाला सर्वात जास्त जागा सोडा.