बी.एड. नाही, शाळेत शिकवता येईल?

प्रश्न : मी एम.एस्सी. (गणित) आहे. तीन वर्षं क्लासमध्ये दहावी-बारावीला शिकवते. बी.एड. न करता शाळेत नोकरी मिळेल का?

उत्तर : कायमची, मान्यताप्राप्त नोकरी मिळणार नाही. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड., तर अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. क्लासमधला अनुभव मुलाखतीत उपयोगी पडेल, पण तो पदवीची जागा घेत नाही.

काही विनाअनुदानित शाळा ‘आधी रुजू व्हा, बी.एड. नंतर बघू’ म्हणतात. पगार तुटपुंजा, वर मान्यता नाही. कधीही घरी बसवतील. पहिली ते आठवीला तर शिक्षण हक्क कायद्यानुसार किमान अर्हता खासगी शाळांनाही बंधनकारक आहे, टीईटीसकट. आणि पहिली ते पाचवीसाठी बी.एड. करून उपयोग नाही; तिथे डी.एल.एड. हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं.

शाळा मानवते का, हे आधी पाहायचं असेल तर ‘टीच फॉर इंडिया’ची दोन वर्षांची फेलोशिप आहे. तिला बी.एड. लागत नाही, मानधन मिळतं. पण ती कायमची नोकरी नव्हे.

तुमच्या जागी मी सीईटी देऊन बी.एड.ला प्रवेश घेईन. घरबसल्या झटपट बी.एड.च्या जाहिराती दिसतील, तिकडे फिरकू नका. सोबत वरिष्ठ महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या सेट या पात्रता परीक्षेचीही तयारी करा. तिथे शिकवायला बी.एड. लागतच नाही, हे तुमच्यासारख्या अनेकांच्या लक्षात येत नाही.