आता तू शिकव

आई-बाबांनो, चार-पाच वर्षं तबला, पेटी, गाणं किंवा नाच मन लावून शिकलेलं मूल एके दिवशी म्हणतं, "मला आता क्लासला नाही जायचं." मी तबला शिकवते, त्यामुळे हे वाक्य माझ्यापर्यंत तुमच्या फोनवरून येतं. "बाई, यंदा अभ्यास वाढलाय हो," अशी सुरुवात होते. थोडं बोलणं झालं की कळतं, अभ्यास हे निम्मंच कारण आहे. मूल कंटाळलंय.

असा कंटाळा मी खूप मुलांमध्ये पाहिलाय आणि तो बहुधा एकाच टप्प्यावर येतो. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण या परीक्षांपर्यंत मूल आनंदात असतं. मध्यमाच्या आसपास हात तयार झालेला असतो, पण वाजवताना कान फक्त 'बरोबर की चूक' एवढंच ऐकतो. ठरलेले ताल, त्यांची दुप्पट-चौपट, कायदे, पलटे, सगळं हातावर टाळी देत परीक्षकांसमोर म्हणून दाखवायचं. परीक्षा वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. गावोगावच्या कितीतरी घरांत तबला टिकला तो त्यांच्यामुळेच. पण प्रत्येक बोल कुणीतरी तपासणारच आहे, हे मनात घट्ट बसलं की वाजवण्यातली मौज हळूहळू आटते.

अशा वेळी क्लास बंद करायच्या आधी माझी एकच विनंती असते. त्या मुलाला कुणालातरी शिकवू द्या.

मागे आठवीतली एक मुलगी अशीच थकून आली होती. मी तिचा पुढचा पाठ थांबवला आणि नुकत्याच आलेल्या दुसरीतल्या मुलाला 'ना' हा बोल शिकवायचं काम तिला दिलं. ती बसली आणि बोलायला लागली तर शब्दच सापडेनात. स्वतःचा 'ना' कसा वाजतो हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग ती स्वतः वाजवून बघायला लागली. करंगळीशेजारचं बोट शाईच्या कडेवर अलगद टेकलेलं, अंगठ्याशेजारचं बोट चाटेवर पडून लगेच वर उठलेलं. बोट तिथेच राहिलं तर नाद मरतो, टेकलेलं बोट दाबलं तर आवाज कोंडतो, आणि ते उचललं तर 'ना'चा भलताच आवाज होतो. हे सगळं ती त्या मुलाला सांगत होती, पण खरं तर स्वतःच पहिल्यांदा ऐकत होती. त्याच्या बोटाखालून एकदाचा खणखणीत 'ना' निघाला, तेव्हा तो जेवढा हसला तेवढीच तीही हसली.

पुढे ती त्याला 'धा धा तिट धा धा तुना, ता ता तिट धा धा धिना' हा सुरुवातीचा कायदा देऊ लागली. त्यानं विचारलं, "ताई, डग्गा मध्येच गप्प का होतो?" तिला भरी आणि खाली, म्हणजे डग्ग्यासह आणि डग्ग्याविना वाजणारा भाग, ठाऊक होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण त्या लेखी उत्तरानं त्याचं समाधान होईना. तिनं एकदा सगळा कायदा डग्गा उघडा ठेवून वाजवला आणि मग जसा आहे तसा. "आता कळलं? गप्प झाल्यामुळेच परत आलेला ऐकू येतो," असं ती म्हणाली. मी हे तिला कधी शिकवलं नव्हतं.

तो मुलगा मोठा चौकस निघाला. तीनतालाच्या ठेक्यावर आल्यावर त्यानं आणखी एक प्रश्न काढला आणि ती तो घेऊन माझ्याकडे आली. 'धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा.' टाळी तेराव्या मात्रेला पडते, मग डग्गा चौदाव्याला का परततो? आणि खाली नवव्या मात्रेला असताना तिथे 'धा' कसा? वर्षानुवर्षं हाताखालून गेलेला हा ठेका, आणि त्या दिवशी मी त्याच्यासमोर पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसले. आम्ही तिघांनी तो उलटसुलट वाजवून पाहिला. तेराव्यालाच 'धा' घेतला तर काय होतं? डग्गा लवकर आला की समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, ओढ सैलावते. चार मात्रा तो नसतो, मग 'धिं धिं धा' म्हणत येतो आणि कान आपसूक समेकडे धावतो. दुसरा कुणी याचं वेगळं उत्तर देईल, देऊ दे. आमची ती संध्याकाळ कशी गेली ते कळलं नाही. शिकवणाऱ्याला हा आनंद नेहमी मिळतो, मग तो विद्यार्थ्यापासून आपण दूर का ठेवायचा?

आपल्या परंपरेत तो कधी दूर नव्हता. गुरूच्या घरी धाकट्यांचा रियाज थोरला गुरुबंधू करून घ्यायचा. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा त्यांनी उपदेशक वर्गही चालवला. निवडक मुलांना जवळ ठेवून शिकवायचं, आणि त्यांनी पुढे जाऊन इतरांना शिकवायचं. त्यांचे शिष्य नुसते गवई झाले नाहीत. विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात आणि बी. आर. देवधरांनी मुंबईत विद्यालयं उभी केली. तबल्यातही तेच. अमीर हुसेन खाँसाहेबांनी मुंबईत किती जणांना घडवलं, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या निखिल घोषांनी १९५६ साली संगीत महाभारती काढली. या थोर मंडळींकडून परीक्षेची आणि मैफिलीची बाजू आपण उचलली, शिकवण्याची मात्र क्लासच्या बाईंवर सोडून दिली.

आता घरी काय करायचं ते सांगते. शिकायला धाकटं भावंड चालेल, शेजारचं मूल चालेल, आजी-आजोबा तर फारच छान. आजीला वेळ असतो, उत्सुकता असते, आणि नातवाकडून शिकताना चुकायची लाज नसते. आठवड्यातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं पुरेत. त्या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका. मोबाइलवर चित्रीकरण करू नका. मुलानं काही चुकीचं सांगितलं तर लगेच दुरुस्त करायला धावू नका. ते क्लासला येऊन विचारेल, आणि विचारलेला प्रश्न माझ्यासाठी दहा पाठ केलेल्या पलट्यांहून मोलाचा आहे.

पाहुण्यांसमोर "जरा वाजवून दाखव रे" म्हणणं वेगळं आणि हे वेगळं. दाखवताना मुलाचं लक्ष स्वतःवर असतं, आपण कसे दिसतोय यावर. शिकवताना ते समोरच्याच्या बोटांवर असतं. स्वतःला विसरायची ही संधी दमलेल्या मुलाला फार हवी असते.

मूल शिकवताना चिडलं, ओरडलं, तर घाबरून जाऊ नका. थोडं निरखा. पुष्कळदा ते आपल्याच सुरात ओरडत असतं, क्लासमधल्या किंवा घरातल्या. तो सूर ऐकून मला माझ्या शिकवण्यात बदल करावा लागलाय, तुम्हालाही कदाचित करावासा वाटेल. आणि एवढं करूनही त्याला तबला नकोच असेल तर सोडू द्या. शिकवून बघितलेलं मूल सोडताना चिडून सोडत नाही, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता तुमच्याबद्दल. तुमच्यापैकी कुणीतरी कॉलेजात पेटी वाजवत होतं, कुणी सुंदर क्रोशे विणत होतं, कुणाची चित्रं भिंतीवर लागली होती. नोकरी आणि संसारात ते मागे पडलं आणि आता "हाताची सवय गेली" म्हणून तुम्ही ते कपाटातून काढत नाही. मुलाला शिकवायला काढा. स्वतःसाठी बसलात तर हात पूर्वीसारखा चालत नाही हेच टोचत राहील. शिकवायला बसलात तर पहिला सा, पहिली साखळी, पहिली रेघ यांच्यापुढे जायची घाईच नसते, आणि तेवढं तुमच्या हातात अजून नक्की शिल्लक आहे.

माळ्यावरचा तबला उतरवणार असाल, तर आधी तो कुणा तबलेवाल्याकडे नेऊन दाखवा. वादी सैल झालेली असते, शाई कधी कधी सुटलेली असते, पुडी बदलावी लागेल. जाताना मुलाला बरोबर घेऊन जा. शाई लावताना बघायला मिळाली तर तासभर मोडला तरी चालेल. थरावर थर चढवत, दगडानं घोटत ती कशी बसवतात, आणि त्या काळ्या ठिपक्यामुळे चामड्यातून सूर कसा निघतो, हे त्याला तिथेच विचारू द्या. भारतीय चर्मवाद्यांच्या याच सुरेलपणावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली लेख लिहिला होता, तेही त्याला सांगा. परत आलात की तबला लावा, आणि पहिला 'ना' त्यालाच आजीला शिकवू द्या.