चोच आणि सराटा

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर अंतरावर, प्रशांत महासागरात गलापागोस नावाचा द्वीपसमूह आहे. १८३५ साली चार्ल्स डार्विन हा तरुण इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ तेथे उतरला. तेथील प्राणी व पक्षी पाहून त्याच्या मनात अनेक प्रश्न उभे राहिले. त्यांवर वर्षानुवर्षे चिंतन करून १८५९ साली त्याने आपला नैसर्गिक निवडीचा सिद्धांत ग्रंथरूपाने जगापुढे मांडला.

सिद्धांताचे सार थोडक्यात असे : एकाच जातीचे सर्व जीव हुबेहूब सारखे नसतात. त्यांच्यातील काही गुण आईबापांकडून पिल्लांकडे येतात. जितके जीव जन्मतात, तितके सगळेच जगत नाहीत. ज्यांचे गुण परिस्थितीला अनुकूल असतात, ते अधिक संख्येने तगतात आणि त्यांचीच संतती वाढते. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या जातीचे रूप पालटत जाते. यालाच उत्क्रांती म्हणतात. हा बदल अतिशय संथ असल्यामुळे तो घडताना माणसाला दिसणार नाही, असे डार्विनला वाटे.

परंतु तो दिसला! १९७३ पासून पीटर व रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने गलापागोसमधील डॅफ्नी मेजर या चिमुकल्या, निर्जन बेटावर फिंच पक्ष्यांचा अभ्यास आरंभिला. ते व त्यांचे सहकारी पक्षी पकडत, त्यांच्या पायांत रंगीत कडी घालत, चोचीचे माप घेत आणि त्यांना सोडून देत. त्यामुळे कोणता पक्षी जगला आणि कोणता नाहीसा झाला, याची बिनचूक नोंद राहू लागली.

१९७७ साली पावसाने दगा दिला. झाडेझुडपे सुकली. मऊ, बारीक बिया पाहता पाहता संपल्या. उरली ती मुख्यतः सराट्याची टणक, काटेरी फळे. महाराष्ट्राच्या माळरानावर अनवाणी पायांत रुतणारा सराटा याच कुळातला. ही फळे फोडून आतील बी काढणे जाड चोचीच्या फिंचनाच साधे. बारीक चोचीचे पक्षी उपासमारीने पटापट मेले. मध्यम आकाराच्या भूचर फिंचची संख्या सुमारे १२०० होती, ती वर्षअखेर सुमारे १८० वर आली. चोचीच्या जाडीतील अर्ध्या मिलिमीटरएवढ्या फरकावर जगणे-मरणे ठरले!

पुढील वर्षी पाऊस पडला. वाचलेल्या पक्ष्यांनी घरटी बांधली. त्यांच्या पिल्लांच्या चोची मोजल्या, तेव्हा त्या दुष्काळापूर्वीच्या पिढीपेक्षा सरासरीने जाड भरल्या.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. सराटे फोडून फोडून कोणाही पक्ष्याची चोच जाड झाली नव्हती. जाड आणि बारीक अशा दोन्ही चोची आधीपासूनच होत्या. दुष्काळाने त्यांतून निवड केली, एवढेच. ही निवड कोणी हेतुपूर्वक केलेली नव्हती.

मग जाड चोच हीच श्रेष्ठ म्हणावी काय? तसेही नाही. १९८३ साली बेटावर विलक्षण पाऊस कोसळला. वेली माजल्या, सराटे त्यांखाली झाकले गेले आणि बारीक बियांची लयलूट झाली. त्यानंतर पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा बारीक चोचीचे पक्षीच अधिक तगले. काल जे उणे ठरले, तेच आज उपयोगी पडले.

म्हणूनच एखाद्या जातीतील विविधता हे तिचे मोठे धन होय. सर्वच फिंच एका मापाचे असते, तर एखाद्या दुष्काळाने ते बेट कायमचे मुके केले असते.

स्वाध्याय
१. १९७७ च्या दुष्काळात कोणते पक्षी वाचले? का?
२. 'जाड चोच हीच श्रेष्ठ', असे का म्हणता येत नाही?
३. दगा देणे, लयलूट होणे यांचा वाक्यांत उपयोग करा.