'आधी हे डोक्यातलं थांबवा, मग कामाला लागतो'

मार्च आला की दवाखान्यात दोन तऱ्हेची माणसं वाढतात: दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील आणि हिशेबाची कामं करणारे. छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, पहाटे तीनला जाग येते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, अशा तक्रारी निरनिराळ्या असतात. मागणी मात्र एकच. "डॉक्टर, हे डोक्यातलं चक्र तेवढं थांबवा. ते थांबलं की मी कामाला लागतो."

क्रम नेमका इथेच चुकतो. काळजी गेली की लक्ष लागेल, हा समज इतका चिवट आहे की शिकली-सवरलेली माणसंही तो सोडायला तयार नसतात. परीक्षा, कर्ज, घरातलं आजारपण ही कारणं खरी असतात, तेव्हा काळजी येणारच. ती सोबत असतानाच काम सुरू करायचं असतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं नकोशी जातात, मग हात चालायला लागतो आणि काळजीचा आवाज आपोआप खाली येतो. काळजी संपण्याची वाट बघत बसलेल्याला ती आणखी दोन कारणं शोधून देते.

"विचारच करू नका" हा नातेवाइकांचा लाडका सल्ला तर मी माझ्यासमोर कुणाला देऊ देत नाही. औषध घेताना माकड आठवायचं नाही, अशी अट घालणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली हेच विद्यार्थ्यांवर करून पाहिलं, फक्त माकडाच्या जागी पांढरं अस्वल होतं. आठवलं की घंटी वाजवायची. मुलं घंटी वाजवतच राहिली. गंमत पुढे आहे. बंदी उठल्यावर या मुलांच्या मनात अस्वल जास्तच येऊ लागलं, पहिल्यापासून मोकळीक मिळालेल्या मुलांपेक्षाही जास्त. तेव्हा दटावून विचार जात नाहीत, हे घरातल्या मोठ्यांनी कृपा करून ध्यानात घ्यावं.

दटावून जमत नाही म्हटल्यावर माणसं गोळीकडे वळतात. एका पतसंस्थेत काम करणाऱ्या पन्नाशीच्या बाई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). संध्याकाळी रोकड जुळत नव्हती, आकडे उलटसुलट लिहिले जात होते, ओळखीच्या खातेदाराचं नाव आठवत नव्हतं. आपल्याला अल्झायमर झाला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मेंदूचा स्कॅन कुठे स्वस्तात होतो, याची चौकशीही झाली होती. मी विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" "काहीच नाही." पुन्हा विचारलं. मग पर्समधून पट्टी निघाली. सासूबाईंना झोपेसाठी दिलेली अल्प्राझोलाम त्या चार महिने रोज दुपारी अर्धी घेत होत्या. "अर्धीच तर घेते," असंही वर म्हणाल्या.

त्या अर्ध्या गोळीने धडधड थांबते, हे खरं. पण तीच गोळी नवीन गोष्ट लक्षात ठेवण्याची ताकद कमी करते आणि सावधपणा मंद करते. लक्ष लागावं म्हणून घेतलेली गोळी लक्षच खाते. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय होते. वयस्कर माणसं ती घेऊन रात्री उठताना पडतात, खुबा मोडून येतात. वर दारू घेतली तर श्वास मंदावू शकतो. ही अल्प्राझोलाम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही आणि विक्रीची नोंद वेगळ्या वहीत तीन वर्षं ठेवायची. तरी ओळखीचा मेडिकलवाला काढून देतो आणि आपण त्याचे आभार मानतो!

पण हे वाचून घाबरून आज रात्री गोळी फेकून देऊ नका. रोज घेत असाल तर एकदम बंद केल्यावर झोप उडते, हात कापतात, कुणाला आकडीही येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची. त्या बाईंची तशीच सोडवली. रोकड आता जुळते, स्कॅन लागला नाही.

मुलाखतीआधी थरथर नको म्हणून मित्राकडून प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या मुलांनाही एक विचारतो: दमा आहे का? असेल तर ही गोळी जिवावर बेतू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'मेंदूची बॅटरी चार्ज करणाऱ्या' काढ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

मग करायचं काय? काळजीला वेळ नेमून द्या. पेनसिल्व्हेनियातले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये ही पद्धत तपासली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. दिवसा विचार आला की कागदावर एक ओळ लिहायची आणि म्हणायचं, संध्याकाळी सहाला बघू. सहाला खरंच बसायचं, अंथरुणावर नाही, खुर्चीवर. ज्यावर उद्या काही करता येईल, त्यापुढे ते काम लिहायचं. बाकीच्यावर काट मारायची. लोक हसतात आणि पंधरा दिवसांनी गुपचूप सांगतात की सहाला लिहायला फारसं सापडलंच नाही.

कामाचे तुकडे वीस मिनिटांचे करा आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उलटा ठेवलेला फोन म्हणजे दूर ठेवलेला फोन नव्हे. सहानंतर चहा-कॉफी नको. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाचेक तासांनीही अंगात असतो. धडधड वाढून ओठांभोवती, बोटांना मुंग्या आल्या तर ते बहुधा भराभर श्वास घेतल्यामुळे असतं. नाकाने सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. तोंडाला पिशवी लावू नका, दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांना त्याने अपाय होतो.

आता थोडं कडक बोलतो. चालताना, जिना चढताना छातीवर दाब येतो, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातं, दरदरून घाम येतो, तर त्याला टेन्शन म्हणू नका. तडक रुग्णालय गाठा, ईसीजी करा. मुंग्या एकाच बाजूला असतील, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तरी तसंच. भूक असून वजन उतरतंय, हात थरथरतात, उकाडा सहन होत नाही, तर थायरॉइड तपासा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कामावर जाववत नाही, झोपेसाठी दारू लागते, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. त्यात लाज कसली? आणि घरातलं कुणी 'माझ्याशिवाय तुमचं बरं होईल' असं म्हणालं, तर नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि डॉक्टरकडे याल तेव्हा घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, जावेने दिलेल्या आणि शेजारणीकडून आणलेल्यासुद्धा.