बुद्धिबळाच्या पटावरील धान्य

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे चौसष्टाव्या घरापर्यंत दुप्पट करीत जावयाचे. एकंदर दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. अल्‌-बिरुनीने हा आकडा इ. स. १००० च्या सुमारास बिनचूक काढून ठेवला, आणि तोही एकेक घर न मोजता, वर्ग करीत करीत. गोष्ट सांगणारे येथेच थांबतात. आम्ही मात्र वाचकांस या संख्येच्या पोटात नेणार आहोत. कागद-पेन्सिल जवळ असावी.

ही संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात उणे १. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, हे शाळेतले सूत्र येथे लावीत गेले की अवयव पडत जातात : ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७.

यांपैकी पहिले पाच मूळ, म्हणजे अविभाज्य आहेत. सहावा, २ चा ३२ वा घात अधिक १, तसाच असेल काय? फ्रेंच गणिती फर्मा याने १६४० च्या सुमारास या जातीच्या सर्वच संख्या मूळ असाव्यात असे मत दिले. सिद्धता त्याजपाशी नव्हती. नोकरीच्या आरंभी आम्हीही एका मार्गदर्शकावर भिस्त ठेवून वर्गात तेच सांगून बसलो. दिवाळीच्या सुटीनंतर एक मुलगा भागाकारांनी भरलेली वही घेऊन आला. शेवटच्या पानावर भाजक ६४१, बाकी शून्य! वर्गासमोर चूक कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ऑयलरने हे १७३२ मध्येच दाखविले होते : ६४१ × ६७००४१७. या संख्येचा मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवूनच येतो, हेही पुढे त्याने सिद्ध केले. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्या खेपेस काम झाले. त्या मुलाला हे ठाऊक असते तर त्याची सुटी वाचली असती!

भागाकार न करताही हे पटते. ६४० म्हणजे ५ × १२८. त्याचा चौथा घात उणे १ या संख्येस, वरच्याच सूत्राने, ६४० + १ म्हणजे ६४१ ने भाग जातो. हा चौथा घात म्हणजे ६२५ × २ चा २८ वा घात. आता ६४१ = ६२५ + १६. दोन्ही बाजूंस २ च्या २८ व्या घाताने गुणले की ६२५ × २ चा २८ वा घात, अधिक २ चा ३२ वा घात, अशी बेरीज येते; तीसही ६४१ ने भाग जाणारच. तिच्यातून पहिली संख्या वजा केली की नेमका २ चा ३२ वा घात अधिक १ उरतो.

पटावरील एकंदर धान्यात आणखी दोनच दाणे टाकले की फर्माच्या मालिकेतील पुढची संख्या होते. तिचा अवयव २,७४,१७७ लांद्री याने १८८० मध्ये शोधून काढला.