अंगातला शीण आणि पेशींची दुरुस्ती



सप्ताह छान पार पडला. आता बऱ्याच जणींचे मेसेज येताहेत की आठ दिवस झाले तरी अंगातला शीण जात नाही. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांचा शीण तर सप्ताहाचा नाहीच, वर्षानुवर्षांचा आहे. म्हणून या वेळच्या पाठात आपण ताणानंतर शरीर स्वतःची दुरुस्ती कशी करतं ते पाहू.

मनाचा ताण पेशींपर्यंत पोचतो का? पोचतो, आणि तो मोजलाही गेला आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या 13 स्त्रिया निवडल्या. त्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या आणखी 13 निवडल्या. सगळ्यांच्या हातावर सारखीच छोटीशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. इतर स्त्रियांना सरासरी 39 दिवस लागले, सेवा करणाऱ्यांना जवळजवळ 49. हे 1995 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला. उन्हाळी सुट्टीत टाळूची जखम जेवढ्या दिवसांत भरली, त्याच्या 40 टक्के जास्त वेळ परीक्षेच्या दिवसांत लागला. मुलं तीच, जखम तेवढीच!

असं का होतं? जखम झाली की पेशी रासायनिक निरोप धाडतात, मग पांढऱ्या पेशी येऊन मोडतोड साफ करतात आणि नंतर नवीन पेशी तयार होतात. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहिल्या निरोपालाच दाबून टाकतं. थोडा वेळ वाढलं तर ते उपयोगीच असतं, म्हणून तर आपण ऐन पंगतीत दमत नाही. पण ते दिवसेंदिवस उतरलंच नाही तर दुरुस्ती मागे मागे पडत जाते.

दुरुस्तीचा मोठा भाग झोपेत होतो. रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत वाढीचं संप्रेरक सर्वांत जास्त स्रवतं, आणि ते स्नायूंच्या डागडुजीला लागतं. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति जागणाऱ्याला योग साधत नाही असं सांगितलं आहे. तेव्हा 'ताई दोन रात्री झोपल्या नाहीत, तरी हसतमुख!' हे कौतुक आपण आता बंद करायला हवं, असं आम्हाला वाटतं.

उपासाने पेशी नव्या होतात असे फॉरवर्ड सध्या फार फिरतात. पेशी आपल्यातला निकामी भाग मोडून पुन्हा वापरतात हे खरं आहे. त्या कामाची यंत्रणा यीस्टमध्ये शोधल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं. पण त्यावरून दमलेल्या बाईने कडक उपास करावा असं निघत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

उलट दुरुस्तीला माल लागतो, म्हणजे प्रथिनं. आपल्याकडच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईला साधारण 50 ग्रॅम. साबुदाण्यात ती जवळजवळ नसतातच, खिचडीत जी काही येतात ती दाण्याच्या कुटातून. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर हे सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलं तर घ्यायचं, असं करू नका. आधी आपल्या ताटात वाढून घ्या.

दुपारी वीस मिनिटं पडा, संध्याकाळी थोडं चाला, जपाला बसताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत शीण गेला नाही तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. सगळाच थकवा ताणाचा नसतो.

मात्र ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांना 'झोपा' म्हणून सांगणं सोपं आहे, पण झोपायचं कधी? त्यासाठी आपण या महिन्यापासून पाळ्या लावत आहोत. दर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी 2 ते 5 दोघी सेवेकरी तुमच्या घरी रुग्णाजवळ बसतील. त्या वेळात तुम्ही केंद्रावर सेवेला यायचं नाही, घरचं कामही काढायचं नाही, फक्त झोपायचं. ज्यांना हवं आहे त्यांनी आणि ज्यांना पाळी घेता येईल त्यांनीही रविवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावं. संकोच वाटत असेल तर वेगळा मेसेज केला तरी चालेल.